रुळांचा मेळ, लहरींचा मेळ

'मेळ' हा मराठीतील जुना आणि कष्टाळू शब्द आहे. जमाखर्चाचा मेळ बसतो, सुरांचा मेळ जमतो, आणि बोलण्या-वागण्याचा मेळ नसलेली माणसे तर आपणा सर्वांच्या परिचयाची असतात. तंत्रज्ञानाच्या अनुवादित पुस्तकांत याच अर्थाने 'आंतरकार्यक्षमता' असा एक बोजड शब्द योजलेला आढळतो. दोन वेगळ्या कारखान्यांत तयार झालेल्या वस्तूंनी एकमेकींचे म्हणणे समजून घेऊन एकत्र काम करावे, एवढाच त्याचा आशय. आम्ही या लेखापुरता 'मेळ' हाच शब्द वापरणार आहोत.

लेखाचे निमित्त आहे 'स्मार्ट घर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या प्रपंचाचे. मोबाइलवरून लागणारा दिवा, दारावरचा कॅमेरा, बोलून चालू होणारा पंखा या गोष्टी आता महानगरांपुरत्या राहिलेल्या नाहीत. परळीसारख्या तालुक्याच्या गावीही त्या आल्या आहेत आणि बहुधा एका ठरावीक वाटेने आल्या आहेत. मुलगा किंवा मुलगी पुण्याला नाही तर परदेशी नोकरीला असते, दिवाळीत घरी येते आणि म्हाताऱ्या आईवडिलांच्या सोयीसाठी म्हणून दोन कॅमेरे, चार दिवे, एक कुलूप बसवून जाते. मग लक्षात येते की कॅमेऱ्याला एक अ‍ॅप लागते, दिव्यांना दुसरे आणि कुलपाला तिसरे. तिन्ही वस्तू बिनतारी आहेत, एकाच भिंतीवर आहेत, तरी एकमेकींशी बोलत नाहीत.

हा प्रश्न अभियंत्यांचा आहे, भाषेच्या अध्यापकांचे येथे काय काम, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की हा प्रश्न मुळात प्रमाणाचा आहे. कोणते रूप सर्वांनी मान्य करायचे, ते कोणी ठरवायचे, आणि जो ते मानत नाही त्याचे काय होते, या प्रश्नांशी आम्ही वर्गात रोज झुंजत असतो. शिवाय ज्या गावात बसून आम्ही हे लिहीत आहोत त्या गावाने मेळ नसण्याची किंमत काय असते हे फार पूर्वीच अनुभवले आहे.

निजामाच्या राज्यात दोन मापांचे रूळ होते. वाडीहून सिकंदराबादला १८७४ साली जो लोहमार्ग पोचला तो ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर असलेला. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे हैदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा मार्ग १९०० च्या आसपास झाला, तो मीटरगेज, म्हणजे बरोबर एक मीटरचा. पुढे परभणीहून परळीपर्यंत मीटरगेजचा फाटा आला आणि दुसरीकडून विकाराबाद-बीदर-उदगीर असा ब्रॉडगेज मार्ग परळीपर्यंत येऊन थांबला. दोन्ही रूळ एकाच स्थानकात आले खरे, पण एका मापाची गाडी दुसऱ्या रुळावर जाऊ शकत नव्हती. परभणीहून उदगीरला जाणाऱ्याने परळीला उतरावे, सामान डोक्यावर घ्यावे आणि दुसऱ्या गाडीत बसावे, अशी ती रीत. जवळच लातूरला बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी नॅरोगेज मार्ग १९११ मध्ये येऊन पोचला होता. म्हणजे परळी-लातूरच्या या टापूत तीन मापांचे रूळ नांदत होते.

ही मापे कोणी मूर्खपणाने ठरवलेली नव्हती, हे ध्यानात घ्यायला हवे. लॉर्ड डलहौसीच्या काळात साडेपाच फुटांचे माप ठरले ते प्रशस्त, भक्कम मार्गांसाठी. १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या काळात मीटरगेज आले ते काटकसरीसाठी. बार्शी लाइटचे शिल्पकार एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी अरुंद रुळांवरही मोठा माल वाहता येतो हे सिद्ध करून दाखविले. प्रत्येक निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचा होता. मात्र हे निर्णय जेथे एकमेकांना भेटले तेथे त्यांची किंमत वेगळ्याच माणसांनी मोजली. मनमाडला आणि कुर्डुवाडीला मालाची पोती एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकण्यासाठी हमालांचे तांडे राबत. फुटतूट, चोरी, खोळंबा आणि हमाली हे सारे अखेर शेतकऱ्याच्या भावातून वजा होई. १९९२ मध्ये रेल्वेने एकच माप करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्या दशकात मनमाड-परभणी पट्टा ब्रॉडगेज झाला, परळीचा फाटाही झाला, आणि २००० च्या दशकात बार्शी लाइटचे अरुंद रूळही गेले. निजामाची रेल्वे कंपनी तर १९५० नंतर उरलीच नव्हती, पण तिने टाकलेल्या मार्गांवर दुसऱ्या कोणाचीही गाडी चालू शकत होती, कारण रुळाचे माप उघड होते. कोणीही पट्टी लावून ते मोजू शकत होते. हा मुद्दा पुढे कामी येणार आहे.

परळीने मेळाचा दुसरा धडा विजेच्या रूपाने घेतला. येथील औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. असे केंद्र एकट्याने वीज करीत नसते. त्याचे चक्र मिनिटाला ३००० फेरे अशा गतीने, ग्रिडमधील इतर सर्व केंद्रांच्या पावलाशी पाऊल मिळवून फिरावे लागते, तेव्हा ५० हर्ट्झ ही सर्वांची सामाईक लय टिकते. ही लयही देशात एक नव्हती. पश्चिम आणि दक्षिण भारताच्या ग्रिडांचे ठोके वेगवेगळे पडत आणि म्हणून चंद्रपूरजवळ भद्रावतीला एक दुभाषी केंद्र उभारावे लागले होते. ते एका बाजूची प्रत्यावर्ती वीज घेई, तिची एकदिश वीज करी आणि पलीकडच्या लयीत पुन्हा प्रत्यावर्ती करून सोडी. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेसह सारा देश एका लयीत आला. आज स्मार्ट घरात 'हब' किंवा 'ब्रिज' नावाची जी डबी ठेवतात ती भद्रावतीच्या त्या केंद्राचीच धाकटी बहीण होय. दोन भाषांमध्ये बसून ती भाषांतर करते.

घराच्या आतला मेळ याहून साधा, पण त्यालाही इतिहास आहे. आपल्या भिंतीतील गोल तीन पिनांचे सॉकेट ब्रिटिशांच्या १९३४ सालच्या मानकातून आले. ब्रिटनने १९४७ नंतर चौकोनी पिना स्वीकारल्या, आपण गोल पिनांवरच राहिलो. म्हणून लंडनहून आणलेली इस्त्री येथे अडॅप्टरवाचून चालत नाही. रूळ, वीज, पिना या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे: मेळ नसला की तो डोळ्यांना दिसतो. पिन शिरत नाही, चाक बसत नाही. बिनतारी जगात मात्र काहीच दिसत नाही.

बिनतारी मेळाचे पहिले भांडण तंत्रज्ञानाच्या अपुरेपणातून झाले नाही, हे इतिहास सांगतो. १९०२ मध्ये जर्मन सम्राटाचा भाऊ प्रिन्स हाइनरिख अमेरिकेचा दौरा आटोपून 'डॉइचलांड' या बोटीने परतत होता. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना आभाराचा संदेश पाठवावा म्हणून बोटीवरून प्रयत्न झाला. बोटीवरचे यंत्र जर्मन बनावटीचे, किनाऱ्यावरचे केंद्र मार्कोनी कंपनीचे. संदेश घेण्यात तांत्रिक अडचण नव्हती, कंपनीचे धोरणच असे होते की आमचे यंत्र नसलेल्यांशी आम्ही बोलणार नाही. या प्रकरणाने राष्ट्रे जागी झाली. १९०३ मध्ये बर्लिनला प्राथमिक परिषद भरली आणि १९०६ च्या बर्लिन करारात असे कलम आले की यंत्र कोणत्याही पद्धतीचे असो, किनाऱ्यावरील केंद्राने आणि जहाजाने एकमेकांचे संदेश घेतलेच पाहिजेत. मेळ नसतो तेव्हा दर वेळी तो जमत नाही म्हणून नसतो असे नाही. पुष्कळदा तो कोणाला तरी परवडत नाही म्हणून नसतो.

आपल्याकडे बिनतारीचा इतिहास परवान्याचा इतिहास आहे. १९२७ मध्ये मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, त्याच वर्षी खडकी आणि दौंड येथील केंद्रांतून इंग्लंडशी बिनतारी तारव्यवहार सुरू झाला. १९३३ च्या बिनतारी कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरविला. पोस्टात जाऊन रेडिओचे लायसन काढणारी पिढी अजून आपल्यात आहे. अमेरिकेने १९८५ मध्ये काही लहरी-पट्टे विनापरवाना वापरास मोकळे केले, त्यांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा होता. तो तोवर मुख्यतः मायक्रोवेव्ह भट्ट्यांसारख्या यंत्रांचा म्हणून दुय्यम मानला जाई. भारतात हाच पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्याच वर्षी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा झाला आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मोठा भाग २०१८ मध्ये. परळीतील एखाद्या घरातला मोबाइलवर लागणारा दिवा आज कायदेशीर आहे तो या तीन निर्णयांमुळे.

आकाश मोकळे झाले, पण त्यात बोलायचे कोणत्या भाषेत? येथे बोलींचा सुकाळ झाला. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील एका कंपनीने 'एक्स-टेन' ही पद्धत काढली, ती घरातील विजेच्या तारांतूनच संदेश धाडी. १९९७ मध्ये बिनतारी जाळ्याचे ८०२.११ हे मानक आले, त्यालाच पुढे 'वायफाय' हे बाजारी नाव मिळाले. १९९८ मध्ये 'ब्ल्यूटूथ'चा संघ स्थापन झाला. दहाव्या शतकात डेन्मार्कमधील टोळ्यांना एकत्र आणणाऱ्या हॅराल्ड ब्ल्यूटूथ या राजाचे नाव त्याला दिले गेले, कारण त्यालाही वेगवेगळ्या यंत्रांना एका छत्राखाली आणायचे होते. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'झिग्बी' आणि 'झेड-वेव्ह' आल्या, २०१४ मध्ये 'थ्रेड'चा संघ निघाला. प्रत्येकीचा गुण निराळा. वायफाय भरपूर माहिती वाहते पण वीज खाते, म्हणून ती कॅमेऱ्याला सोयीची. झिग्बी आणि थ्रेड यांना वीज फार थोडी लागते आणि त्यांची उपकरणे एकमेकांचा संदेश पुढे सरकवतात, म्हणून सेलवर चालणाऱ्या कुलपाला त्या मानवतात. झेड-वेव्ह कमी वारंवारतेवर चालते आणि जाड भिंती बऱ्या ओलांडते.

घरोघरी जो गोंधळ होतो त्याचे एक साधे कारण येथेच सांगून टाकणे इष्ट. स्वस्त वायफाय दिवे बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर ऐकतात. मोबाइल राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या जाळ्यात असला की काही अ‍ॅपांना दिवा सापडत नाही, आणि घरमालक दिव्याला दोष देतो. शिवाय झिग्बी, थ्रेड, ब्ल्यूटूथ आणि वायफाय अशा चारही बोली त्याच २.४ च्या पट्ट्यात दाटीवाटीने राहतात. सगळे एकाच ओसरीवर बसले आहेत, म्हणजे ते एकमेकांशी बोलत आहेत असे मुळीच नव्हे.

येथवर आलेल्या वाचकाला वाटेल की बोली अनेक असणे हाच रोग आहे. आमचे मत निराळे आहे, आणि ते मराठीच्या इतिहासातून बनले आहे. संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांनी दहा-पंधरा वर्षे असाच मेळ नसल्याचा त्रास सोसला. एका फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांची रांगोळी दिसे, कारण प्रत्येक फाँटवाल्याने कोणत्या कळीला कोणते अक्षर हे स्वतःपुरते ठरवले होते. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये 'इस्की' हे राष्ट्रीय मानक झाले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि युनिकोड सार्वत्रिक झाले तेव्हा कोठे मराठी मजकूर एका यंत्रातून दुसऱ्यात सुखरूप जाऊ लागला. तरीही 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील फरक दाखवणारा आपला र बराच काळ अडखळत राहिला. हिंदीला त्याची गरज नव्हती, आणि देवनागरी म्हटले की बाहेरच्यांना आधी हिंदी दिसते. मानक ठरविणाऱ्या बैठकीत जो आग्रहाने बोलत नाही त्याचे अक्षर मागे पडते.

याहून जुना आणि अधिक बोलका दाखला महानुभावांच्या सकळ लिपीचा आहे. चक्रधरांच्या पंथाने आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सांकेतिक लिपीत उतरवून ठेवले. संरक्षणाचा हेतू सफल झाला. पोथ्या जपल्या गेल्या, पण त्यातील मराठी गद्य शतकानुशतके उर्वरित महाराष्ट्राला बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृती संशोधकांच्या प्रयत्नांनी ती लिपी उलगडली आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने लिहावा लागला. ते शक्य झाले, कारण पंथ जिवंत होता आणि पोथी कागदावर होती. किल्ली आणि कुलूप दोन्ही उरली होती.

आता यंत्रांच्या सकळ लिपीचे काय होते ते पाहावे. 'रिव्हॉल्व्ह' नावाचा एक हब अमेरिकेत सुमारे ३०० डॉलरना विकला जात असे. अनेक बोलींचा तो दुभाष्या होता. २०१४ मध्ये 'नेस्ट' या कंपनीने तो उद्योग विकत घेतला आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवा बंद केली. त्या दिवशी लोकांच्या घरातील धडधाकट डब्या निर्जीव झाल्या. एप्रिल २०२२ मध्ये 'इन्स्टिऑन' या कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेवाचून बंद पडले. काही ग्राहकांनीच पुढे येऊन जूनमध्ये तो व्यवसाय विकत घेतला म्हणून त्यातले पुष्कळसे पुन्हा चालू झाले. या दोन्ही प्रसंगांत दिवे बिघडले नव्हते, लहरी अडल्या नव्हत्या. किल्ली दूरच्या एका यंत्रात होती आणि ती काढून घेतली गेली. निजामाची रेल्वे गेली तरी रूळ चालू राहिले, याचे कारण आता नीट ध्यानात यावे.

या अनुभवांच्या पार्श्वभूमीवर 'मॅटर' या मानकाकडे पाहिले पाहिजे. अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गूगल आणि झिग्बीचा संघ यांनी डिसेंबर २०१९ मध्ये एकत्र काम करण्याचे जाहीर केले, २०२१ मध्ये त्याला 'मॅटर' हे नाव मिळाले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिली आवृत्ती आली. एरवी एकमेकांच्या मुळावर उठलेल्या या कंपन्या एका मेजाशी बसल्या त्या औदार्याने नव्हे. मेळ नसल्यामुळे गिऱ्हाईकच बिचकत होते. मॅटर ही नवी लहर नाही. वायफाय, थ्रेड किंवा इथरनेटची तार यांच्यावर बोलली जाणारी ती एक सामाईक भाषा आहे, आणि नव्या उपकरणाची घराशी पहिली ओळख करून देण्यापुरते ब्ल्यूटूथ वापरले जाते. तिच्यात दोन गोष्टी आम्हांला विशेष महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे आज्ञा घरातल्या घरात, दूरच्या सर्व्हरला न विचारता पोचवण्याची सोय तिच्या रचनेतच आहे. दुसरी म्हणजे एकच दिवा एकाच वेळी एकाहून अधिक कंपन्यांच्या व्यवस्थेत राहू शकतो. एकीने दार लावले तर दुसरे उघडे राहते.

तरी हुरळून जाण्याचे कारण नाही. पहिल्या आवृत्तीत कॅमेऱ्यांचा समावेशच नव्हता, आणि आपल्याकडच्या घरांत पहिली वस्तू येते ती बहुधा कॅमेराच. दिवा लावणे-मालवणे एवढे सामाईक असते, उत्पादकाच्या खास करामती पुष्कळदा त्याच्याच अ‍ॅपमध्ये राहतात. मानकाचे चिन्ह उत्पादनावर छापायचे तर संघाचे सभासदत्व आणि प्रमाणीकरण यांचा खर्च करावा लागतो, तो लहान उत्पादकाला जड जातो. त्यामुळे आपल्या बाजारातील स्वस्त वस्तू पुष्कळदा या करारापासून दूरच राहतात.

यावर कोणी म्हणेल की सरकारने एकच पद्धत सक्तीची करावी. रुळांच्या बाबतीत तसे करता आले, कारण रेल्वे एकाच मालकाची झाली होती. घरातील वस्तूंचे तसे नाही, आणि एकच बोली लादली तर कुलपाला कॅमेऱ्याची भूक लावल्यासारखे होईल. आम्हांला १९०६ च्या बर्लिन कराराची रीत अधिक पटते. यंत्र कोणतेही वापरा, पण दुसऱ्याचा संदेश नाकारू नका आणि आपली भाषा लपवून ठेवू नका. भारतात दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने २०२१ मध्ये घरगुती जोड-उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी आचारसंहिता प्रसिद्ध केली. सुरक्षिततेइतकाच टिकाऊपणाचाही विचार व्हायला हवा. कंपनी बंद पडल्यास किल्ली ग्राहकाच्या हाती द्यावी, असे बंधन असणे मुळीच अवाजवी नाही.

तोवर घेणाऱ्याने दुकानातच तीन प्रश्न विचारावेत. इंटरनेट बंद असताना ही वस्तू घरातल्या घरात चालते का? दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅपमधून ती चालवता येते का? आणि ज्याने ती बसवली तो मुलगा दूरदेशी असताना, त्याच्या पासवर्डवाचून, घरात राहणाऱ्या आईला भिंतीवरचे बटन दाबून दिवा लावता येतो का? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर पहिल्या दोहोंची उत्तरे ऐकण्यासाठी थांबू नये.